१८ इंची बेस ड्रम आणि रिक्षाची मागची सीट

आमचा बँड तिघांचा. पियानो, डबल बेस (उभं, मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्सवर मी. वाजवतो ते बांद्रा-खारच्या कॅफेंमध्ये, अधूनमधून फोर्टातल्या एखाद्या बारमध्ये. दोन टेबलं सरकवून कोपरा मोकळा करून देतात, तेच आमचं स्टेज. मी राहते पार्ल्यात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्याकडे गाडी नाही. स्वतःचा सेट घ्यायचं ठरवलं तेव्हा तो जिन्यावरून एकटीला उतरवता यावा, रिक्षात मावावा आणि सिंबल, म्हणजे झांजा, आणि स्टँड यांसकट एक लाखात बसावा, एवढं तर उघडच होतं. पण मुख्य म्हणजे तो जॅझसारखा वाजायला हवा होता. लहान आणि स्वस्त सेट बाजारात पुष्कळ मिळतात. त्यातले बरेचसे मुलांना शिकायला काढलेले असतात, बाकीचे रॉकच्या सेटचीच छोटी आवृत्ती असतात. जॅझला चालेल असा कोणता, हे कळायला मला जवळजवळ वर्ष गेलं. तबल्यावरून ड्रम्सकडे वळलेले बरेच जण हाच प्रश्न विचारतात, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

तोवर मी भाड्याच्या सेटवर वाजवत होते. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला येतो तोच सेट: २२ इंची बेस ड्रम (पायाने पेडल दाबून वाजवतात तो मोठा ड्रम), आत उशी कोंबलेली, पुढच्या हेडला, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याला, माइकसाठी भोक. ऑर्केस्ट्राला तो अगदी योग्य आहे. पाय जोरात मारला की घट्ट 'धप्' येतो, माइक तो उचलतो, पुढचं साउंडवाला बघतो. आमच्याकडे माइक नसतो. डबल बेस बोटांनी छेडला जातो, त्याचा आवाज मुळातच मऊ. त्या २२ इंचीवर पाय हलका ठेवला तर काहीच ऐकू येत नसे आणि जरा जोर दिला की बेसचा खर्ज बुजून जात असे. बेसवाला मित्र दर कार्यक्रमानंतर एकच सांगायचा, "आज पण मला मी ऐकू आलो नाही गं."

जॅझमध्ये बेस ड्रम लहान का झाला, हे मला आधी समजून घ्यायचं होतं, कारण त्यावर पुढची सगळी खरेदी अवलंबून होती. स्विंगच्या काळात बेस ड्रम २६-२८ इंची असायचे आणि पाय चारही मात्रांना ठोस पडायचा. मोठा बँड, मोठा हॉल, लोक नाचताहेत. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये केनी क्लार्क या ड्रमरने लय पायातून काढून उजव्या हातात, राइड सिंबलवर, म्हणजे ठेक्याच्या मोठ्या झांजेवर, नेली. ठेका राइडवर गेला आणि पाय मोकळा झाला, मध्येच एखादा ठोका टाकून सोलो वाजवणाऱ्याला उत्तर द्यायला. चार मात्रांचा पाय पुरता गेला नाही. तो इतका हलका झाला की ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. पिसाने गोंजारावं तसा, म्हणून त्याला फेदरिंग म्हणतात. आता या कामाला असा ड्रम हवा की जो हलक्या स्पर्शालाही सूर देईल आणि वेळ पडली तर टॉमसारखा (काठीने वाजवायच्या लहान ड्रमसारखा) खणखणीत बोलेल. तो लहान, वरच्या सुरात लावलेला आणि उशी न घातलेलाच लागतो. १९६३ साली १७ वर्षांचा ड्रमर टोनी विल्यम्स ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला, त्याचा बेस ड्रम १८ इंची होता. एल्विन जोन्स हा ड्रमरही १८ इंचीवर वाजवायचा. वर १२ इंची टॉम, खाली पायांवर उभा १४ इंची फ्लोअर टॉम आणि १४ इंची स्नेअर (तळाला तारांची जाळी असलेला ड्रम), हा संच तेव्हापासून जॅझचा म्हणून ठरून गेला. तो टॅक्सीत मावतो म्हणून न्यूयॉर्कच्या ड्रमर्सनी उचलला असंही सांगतात. मुंबईत राहणाऱ्याला हे कारण फोड करून सांगावं लागत नाही.

मुंबईत या संगीताला जुनी परंपरा आहे. अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अॅबीचा जॅझ बँड १९३५ साली ताजमध्ये वाजवत होता. पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलंसं केलं, रात्री हॉटेलांत वाजवलं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला स्विंग चिक चॉकलेटसारख्या गोवेकर वादकांच्या हातून आला. मी ज्यांच्याकडे ड्रम्स शिकले ते बांद्र्याचे अंकल याच परंपरेतले. आयुष्य हॉटेल बँडमध्ये गेलेलं. सेट घेतेय म्हटल्यावर त्यांनी मला कोणता ब्रँड हे विचारलंच नाही. म्हणाले, "राइड कुठली घेतेस? पहिली राइड घे. ड्रम मग बघू."

मला हे उलटं वाटलं होतं. सेट म्हणजे ड्रम, सिंबल नंतर सावकाश घ्यायच्या, असंच सगळे करतात. पण हिशेब साधा आहे. जॅझमध्ये तासभर वाजवलं तर त्यातला बहुतेक वेळ उजवा हात राइडवर असतो. टॉमवर हात जातो तो कधीमधी. जे सतत ऐकू येणार त्यावर पैसे आधी घालायचे. शिवाय स्वस्त ड्रम चांगल्या हेडने आणि नीट लावून सुधारतो. स्वस्त सिंबल सुधारत नाही. ती ज्या धातूची आहे त्याच धातूची राहते.

धातूचा हा भाग दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. स्वस्त सेटबरोबर फुकट येतात त्या सिंबल बहुतेक पितळेच्या असतात. त्याच्या वरची पायरी बी-८ ची, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. चांगल्या राइड सहसा बी-२० च्या, ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झालेल्या झिल्जान या सिंबल बनवणाऱ्यांचं घराणं याच प्रकारच्या काशावर उभं आहे. कथील जास्त म्हणजे धातू ठिसूळ, काम अवघड, किंमत जास्त. पण आवाजात एकाच वेळी अनेक थर येतात. पितळेच्या सिंबलवर काठी मारली की एकच कर्कश सूर निघतो आणि तोच लांबत राहतो.

नव्या बी-२० राइडच्या किमती पाहून मी वापरलेल्यांकडे वळले. बऱ्याच ऐकल्या. ऐकण्याची माझी पद्धत हळूहळू पक्की होत गेली. काठी माझीच, सातए मापाची बारीक, कारण दुकानातल्या जाड काठीने कुठलीही सिंबल मोठीच वाजते. स्टँडवर सिंबल सैल ठेवायची, खाली-वर नमदा (फेल्ट) आहे ना बघायचं. मग साधा जॅझचा ठेका, टिंग, टिंग-टि-टिंग, अगदी हळू, दोन-तीन मिनिटं न थांबता. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्याच छान वाटतात. दीड-दोन मिनिटांनी खरं कळतं. काहींमध्ये मागचा घुमारा वाढत वाढत इतका होतो की काठीचा टिपका त्यात बुडून जातो. काहींमध्ये टिपका इतका कोरडा की मागे काहीच उरत नाही, टेबलावर वाजवल्यासारखं. मला हवी होती ती अशी की टिपका वर राहील, खाली धूसर घुमारा पसरेल आणि एका पातळीवर येऊन थांबेल. त्यानंतर काठीचा खांदा कडेवर हलकेच मारून बघायचा. जॅझमध्ये राइडच क्रॅशचंही, म्हणजे जोरदार फटक्याच्या सिंबलचंही, काम करते, तेव्हा ती लगेच उघडली आणि लगेच मिटली पाहिजे.

ड्रमर बसतो तिथून सिंबल ऐकून निर्णय घेऊ नये, हेही अंकलचंच म्हणणं. कानापासून दीड-दोन फुटांवर तिच्यातले सगळे खरखरीत सूर ऐकू येतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यातले अर्धे पोचत नाहीत. म्हणून बेसवाल्या मित्राला सोबत न्यायचे. तो दाराशी उभा राही, डोळे मिटून. ज्या राइडवर त्याने डोळे न उघडताच "हीच" असं म्हटलं ती मला जवळून जराशी खडबडीत वाटत होती. मग आम्ही जागा बदलल्या, त्याने काठी धरली, मी दाराशी गेले, आणि तिथे ती गोल आणि गडद ऐकू आली.

ती २० इंची, तुर्कस्तानात हाताने ठोकलेली. घेण्याआधी तिच्या मधल्या भोकाची कड नखाने तपासली. स्टँडच्या दांड्यावर घासून घासून भोक एका बाजूला लांबट होतं, तसं झालं असेल तर सिंबल निष्काळजीपणे वापरलेली. मग बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं. बारीकशी चीरही नखाला लागते, आणि चीर पुढे पसरतेच. शेवटी वजन. मी घरचा डिजिटल काटा पिशवीत घेऊन हिंडायचे. २० इंची राइड १९०० ग्रॅमच्या आसपास असेल तर पातळ, जॅझला उत्तम. त्याच मापाची रॉकची राइड २६००-२७०० ग्रॅमपर्यंत जाते आणि घंटेसारखी वाजते. सिंबलवर लिहिलेल्या नावापेक्षा हा आकडा जास्त सांगतो. ही १८८० भरली. १९ हजारांना घेतली. १४ इंची हायहॅटची (पायाने एकमेकींवर मिटणाऱ्या दोन सिंबलची) जोडीही वापरलेलीच, १२ हजारांना मिळाली. तिथे मी फक्त पायाने मिटल्यावर येणारा 'चिक' ऐकला, कारण दोन आणि चार या मात्रांना तोच लागतो. म्हणजे एकही ड्रम घरात नसताना माझे ३१ हजार गेले होते.

मग ड्रम. आता ऐकायला जाताना राइड बरोबर न्यायचे, त्यामुळे प्रत्येक सेट एकाच सिंबलशेजारी ऐकता आला. लुडविगचा ब्रेकबीट्स पहिल्यांदा वाजवला. हिपहॉप ड्रमर क्वेस्टलव्हच्या नावाने निघालेला, १६ इंची बेस ड्रम, १० आणि १३ इंची टॉम, १४ इंची स्नेअर. नेआण करायला याच्यासारखा दुसरा नाही. हिपहॉप किंवा फंक वाजवणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. पण १६ इंची बेस ड्रमवर मी फेदरिंग करून पाहिलं तेव्हा तो एखाद्या फ्लोअर टॉमसारखा ऐकू आला. डबल बेसच्या खाली जो बारीकसा आधार लागतो तो त्यातून मिळेना. सैल केला तर खाली जातो, पण मग सूर जातो. टामाचा क्लब-जॅम १८ इंची असला तरी खोली फक्त १२ इंच, फ्लोअर टॉम १४ बाय ७. त्याचा आखूड, चटकन संपणारा आवाज मला आवडला, पण फ्लोअर टॉमवर मॅलेट (मऊ डोक्याच्या काठ्या) घेऊन संथ काही वाजवायचं म्हटलं की सात इंचांत पुरेसा श्वास नव्हता. स्नेअरही १३ इंची. काठीऐवजी वापरतात तो तारांचा ब्रश गोल फिरवायला १४ इंचांवर जी जागा मिळते ती १३ वर मिळत नाही. एका इंचाने काय होतं असं वाटेल, पण बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, डावा हात तासभर त्या वर्तुळातच असतो.

यामाहाच्या स्टेज कस्टमचा बॉप, म्हणजे जॅझचा, संच, १८-१२-१४ मापांचा, बर्चचा. आवाज नेटका, थोडा टणक. ग्रेचचा कॅटलिना क्लब, त्याच मापांचा, महोगनीचा. हा जरा मऊ, खालचे सूर जास्त. लाकडावरून ड्रमर तासन्‌तास वाद घालतात. माझं मत असं झालं की या किमतीला लाकूड तिसऱ्या क्रमांकावर येतं. आधी हेड आणि सूर, मग शेलची, म्हणजे ड्रमच्या पोकळ पिंपाची, कड, मग लाकूड. शेलची वरची कड, जिच्यावर हेड टेकतं, ती सपाट नसेल तर सोन्याचं शेल असलं तरी ते सुरात लागायचं नाही. दोन सेटमधून मला महोगनीचा जवळचा वाटला, कारण आमच्याकडे माइक नाही आणि छोट्या खोलीत टणक आवाज कानाला लागतो. मोठ्या हॉलमध्ये वाजवणाऱ्याला बर्च बरा वाटेल.

नवा कॅटलिना माझ्या उरलेल्या पैशांत बसत नव्हता. वापरलेला शोधत राहिले आणि शेवटी पुण्यात सापडला. कोथरूडमधला एक मुलगा शिकायला परदेशी चालला होता. सेट त्याच्या खोलीत चार वर्षं होता, बाहेर फारसा गेलेला नव्हता. मी गेले तेव्हा त्याची आई दार उघडताच म्हणाली, "या, या. आधी पोहे खा, मग बडवा काय ते." पोहे खाऊन मी मुलाला विचारलं, "हेड काढून बघितली तर चालेल का रे?" तो म्हणाला, "बघा ना ताई, ही घ्या चावी."

स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा होता. काकूंना विचारून तो पुसून घेतला आणि फ्लोअर टॉमचं शेल, दोन्ही हेड आणि ती दाबून धरणाऱ्या रिमा, म्हणजे कड्या, काढून, त्यावर उपडं ठेवलं. आत मोबाईलचा टॉर्च लावला आणि दिवा मालवला. कड आणि दगड यांच्यामधून कुठे उजेड डोकावतो का हे चारी बाजूंनी वाकून पाहिलं. एका ठिकाणी कागदाच्या जाडीएवढी फट दिसली, बाकी काळोख. शेल फिरवून परत ठेवलं तरी फट शेलबरोबरच फिरली, म्हणजे ओटा सरळ आणि कमीजास्त काय ते शेलमध्ये. एवढीशी फट हेड सांभाळून घेतं. मग १२ इंची टॉम, स्नेअर, शेवटी बेस ड्रम. त्याच्या दोन्ही कडा स्वच्छ. काकूही वाकून बघत होत्या. रिमा फरशीवर ठेवून कुठे टकटक होते का पाहिलं, कारण वाकडी रिम म्हणजे कायमची डोकेदुखी. सगळे स्क्रू बोटांनी फिरवले. स्नेअरच्या जाळीच्या दोन तारा वाकलेल्या होत्या आणि फ्लोअर टॉमच्या एका पायाचं रबर गेलेलं होतं, दोन्ही वस्तू किरकोळ. बेस ड्रमखाली लिफ्ट बसवलेली होती ते पाहून बरं वाटलं. १८ इंची ड्रम जमिनीवर ठेवला तर पेडलचा हातोडा मध्याच्या बराच वर लागतो आणि आवाज पातळ येतो. लिफ्ट ड्रमला उचलून मध्य हातोड्यासमोर आणते. ४० हजारांना सौदा झाला. सेट घेऊन मी गाडीभाडं वाटून घेणाऱ्या एका मित्राबरोबर त्याच दिवशी पार्ल्याला आले.

स्टँडवर फार लिहीत नाही. एवढंच की दुहेरी पायांचे जाडजूड स्टँड घेऊ नयेत. जॅझच्या पातळ सिंबलना ते लागत नाहीत आणि त्यांनी भरलेली पिशवी ड्रमपेक्षा जड होते. सपाट पायांचे, जुन्या पद्धतीचे हलके स्टँड १४ हजारांत पेडलसकट जमले आणि वजन निम्म्यावर आलं. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना हा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो.

खरा कायापालट झाला तो हेडमुळे. सेटवर पारदर्शक, दुहेरी हेड होती, बेस ड्रमला पुढे भोक. ती सगळी उतरवली आणि सगळीकडे एकेरी, पांढरी, खरखरीत लेपाची हेड चढवली. स्नेअरला ती हवीतच, कारण ब्रशचा 'श्श' त्या खरखरीत लेपामुळेच येतो. गुळगुळीत हेडवर ब्रश नुसता घसरतो. बेस ड्रमला पुढे अखंड हेड, भोक नाही. आत उशी नाही. फक्त मागच्या हेडखाली नमद्याची दोन बोटं रुंद पट्टी ताणून बसवली.

सूर लावायला बसले तेव्हा तबल्याचा हात उपयोगी पडला. तबल्याच्या गजऱ्याला सोळा घरं असतात आणि प्रत्येक घराशी सूर एकच हवा, नाहीतर 'ना' फाटतो. ड्रमलाही हेच. आधी सगळे स्क्रू बोटांनी जेवढे घट्ट होतील तेवढे, मग समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा. नंतर हेडच्या मध्यावर बोट हलकं टेकवून प्रत्येक स्क्रूजवळ कडेपासून इंचभर आत टिचकी मारत जायचं. जिथे सूर खाली असेल तिथे पाव फेरा वर. वरचं आणि खालचं हेड वेगवेगळं लावायचं. टॉमची खालची हेड मी वरच्यापेक्षा थोडी चढी ठेवली, म्हणजे आवाज गोल येतो आणि लवकर आवरतो. बेस ड्रमचं मागचं हेड सुरकुत्या जाऊन सूर धरेल तिथून जेमतेम वर, पुढचं त्याच्याहून चढं. १२ आणि १४ इंचींमध्ये मी चौथ्याचं अंतर ठेवलं, सा आणि म. पहिल्या दिवशी सगळं लावून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उतरलेलं होतं. नवी हेड बसायला वेळ घेतात. आठवडाभर रोज थोडंथोडं चढवल्यावर ती स्थिरावली.

मग पायाने अगदी हलकी किक मारली. खोलीत एक खोल, उघडा सूर आला, 'दुम्', आणि राइडच्या टिपक्याखाली जाऊन बसला. त्याच संध्याकाळी बेसवाला आला. आम्ही एफमधला ब्लूज सुरू केला. चार-सहा आवर्तनांनी तो वाजवता वाजवता म्हणाला, "पाय चालू आहे ना तुझा?" चालूच होता, चारही मात्रांना. त्याला तो वेगळा ऐकू येत नव्हता, स्वतःचा बेस मात्र ऐकू येत होता. हेच हवं होतं मला, वर्षभर.

घरातल्या सरावाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. इमारतीत खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं आहे, म्हणून घरी ड्रमवर रबरी पॅड असतात आणि राइडऐवजी भोकांची, कमी आवाजाची सिंबल. दुपारी चार ते पाच मात्र पॅड काढून फक्त ब्रश. खालचे आजोबा सांगतात की ब्रशचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आता नेआण. सेट घेण्याआधीच मी मोजपट्टी घेऊन पार्ल्याच्या रिक्षास्टँडवर गेले होते, एका काकांनी हौसेने सीट मोजू दिली. १८ इंची ड्रम हूप (बाहेरचं कडं) आणि पिशवी धरून २० इंचांच्या वर जातो. तो सीटच्या एका टोकाला उभा, त्याला टेकून फ्लोअर टॉम, उरलेल्या जागेत मी, मांडीवर स्नेअर आणि लहान टॉम, पायाशी स्टँडची पिशवी, सिंबलची पिशवी पाठीवरच. २० इंची बेस ड्रम असता तर मी बसले नसते. बांद्र्याच्या पुढे रिक्षा नाही, तिथून फोर्टला टॅक्सी. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, डिकीचा भरवसा धरूच नये. बेस ड्रम मागच्या सीटवरच जातो. पिशव्या जाड अस्तराच्या घ्याव्यात. मला हेड सात हजारांना आणि पिशव्या पाच हजारांना पडल्या. सगळं मिळून ९७ हजार झाले.

पहिला पावसाळा या सेटने नीट काढला. तबल्याचं कातडं जुलैत उतरतं, हातोडी खाली ठेवता येत नाही. ड्रमची हेड १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॉलिएस्टरची झाली, त्याआधी वासराच्या कातड्याची होती आणि तेव्हाच्या मुंबईच्या ड्रमरचे हाल अंकलनी पाहिलेले आहेत. हेड आता दमट हवेत टिकतात, पण स्क्रूंना गंज चढतो. प्रत्येक स्क्रू काढून त्याला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं की वर्षाची काळजी मिटते. राइडला तेल, पॉलिश काहीच लावू नये. काळवंडू द्यावी. आवाज आणखी मऊ होतो. कार्यक्रमानंतर घामाची बोटं कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

पुढचा खर्च डाव्या हाताच्या सिंबलचा. १८ इंची, पातळ, बी-२० ची, १३०० ग्रॅमच्या आत, आणि तिला दोन-तीन रिव्हेट (सैल खिळे) मारलेले असतील तर फारच छान, कारण बॅलडमध्ये ब्रशच्या मागे तो सळसळता शेवट हवासा वाटतो. नसतील तरी चालेल, सध्या सिंबलच्या विंगनटला (वरच्या चाकीला) मण्यांची बारीक साखळी लटकवून मी तोच परिणाम मिळवते आहे. मुंबई-पुण्यात कुणाला अशी सिंबल विकायची असेल तर वापरलेली चालेल, भोक घासलेलं नको. काटा मी घेऊन येते.